अण्णाचा घास

मोघे आमच्याकडे डाळ मागायला येत, ती एक दाणा.

"वहिनी, आज तूर नको, हरभऱ्याची द्या. अण्णा वाढलाय."

मी डबा उघडून एक दाणा त्यांच्या तळहातावर ठेवायचे. तो कागदात गुंडाळून ते खिशात घालत आणि स्टेशनजवळच्या प्राण्यांच्या दुकानात रातकिडे घ्यायला जात.

अण्णा म्हणजे मोघ्यांचा सरडा. ऑस्ट्रेलियन जातीचा, गळ्याखाली दाढीसारखे काटे, म्हणून वय तीन महिने असूनही अण्णा. अशा पिल्लाला द्यायचा किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, नाहीतर तो बाधतो, असं दुकानाच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं. मोघ्यांनी फूटपट्टीऐवजी डाळ वापरली.

ही गोष्ट जपानातल्या हिगाशी-कसाईतली, पुण्याहून कॉम्प्युटरवाली मंडळी विमानं भरभरून तिथे उतरत होती तेव्हाची. मोघे त्यांतलेच. चाळिशीचे, आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणारे, कट्टर शाकाहारी. जपानी लिपीतली त्यांना मोजकीच अक्षरं येत: मासा, गाय, डुक्कर, कोंबडी आणि अंडं. आपल्या स्टेशनचं नाव वाचता येत नसे, पण बिस्किटाच्या पुड्यावरचा माशाचा अर्क ते लांबूनच ओळखत. आमच्याकडे रविवारी मासे शिजतात म्हणून ते आमच्या घरी कधी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. डाळीचा दाणा चालायचा, कारण तो खायचा नसे.

अशा माणसाच्या गळ्यात सरडा पडला तो भिडेपोटी. ऑफिसातल्या ओगावा-सानची बदली झाली, नव्या घरात प्राणी चालत नव्हते, आणि नाही कसं म्हणायचं हे मोघे जपानीत अजून शिकले नव्हते. मराठीत तरी कुठे शिकले होते म्हणा.

सुरुवातीला त्यांनी अण्णाला आपल्याच पंगतीला बसवलं. मोड आलेले मूग, पालक, पनीर. अण्णा वाळत चालला. मालकीणबाईंनी मोघ्यांना हसतमुखाने, वाकून वाकून, चांगलंच फैलावर घेतलं. वाढत्या पिल्लाला किडेच लागतात, मोठा झाला की मग तो पालाच जास्त खातो, असं त्यांचं म्हणणं. मोघे तिथून थेट माझ्या दारात.

"ऐकलंत का, वहिनी? हा मोठा झाला की शाकाहारी होणार! आपली पोरं नेमकी उलटी. येतात वरणभातावर आणि महिन्याभरात ऑक्टोपस!"

तेव्हापासून ते रातकिडे निवडू लागले, मंडईत भेंडी निवडावी तसे. लंगडा नको. पंख फुटलेला नको. काळा नको, तो चावरा, तपकिरी द्या. पिठातल्या अळ्या तर बघायच्याही नाहीत, "त्यांचं साल पोराला पचायचं नाही." घरी आणलेल्या रातकिड्यांना ते आधी गाजर आणि काकडी खाऊ घालत, म्हणजे ती अण्णाच्या पोटात जातात. "भाजीच खातोय तो, फक्त आडमार्गाने," असं वर मला पटवून देत. मग लांब चॉपस्टिकने किडा पुढे करत आणि स्वतः खिडकीबाहेर बघत.

थंडी पडली आणि अण्णाने खाणं सोडलं. तपकिरी नको, काळा नको. मोघ्यांनी उबेचा दिवा बदलून पाहिला, मालकीणबाईंकडे खेटे घातले. माझ्याकडे येणंही बंद झालं. शेवटी एका संध्याकाळी मीच वर गेले.

मोघे जमिनीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर अण्णा, नुसती कातडी उरलेला. आणि मोघ्यांच्या उघड्या चिमटीत पांढरी, मऊ, वळवळणारी रेशमाची अळी. ही आजाऱ्यालाही पचते, असं मालकीणबाई म्हणाल्या होत्या. चॉपस्टिक कुठे दिसत नव्हत्या.

"हालू नका, वहिनी," ते कुजबुजले. "घे रे सोन्या. एक घास. माझ्यासाठी."

अण्णाने बराच वेळ विचार केला. मग जीभ बाहेर आली आणि अळी गेली. मोघ्यांनी दुसरी पुढे केली, तीही गेली. चष्म्याआड त्यांचे डोळे भरून आले. मलाही रडू फुटलं. सरड्यासाठी रडायची माझी ही पहिलीच वेळ.

"तुम्ही जेवलात का?" मी विचारलं.

"हा जेवत नव्हता, वहिनी. मग मी कसा जेवणार?"

खाली चला म्हटलं, तर अण्णाला एकट्याला सोडून यायला तयार नाहीत. शेवटी मीच खालून वरणभाताचा कुकर वर घेऊन आले. मोघ्यांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि काही न विचारता वाढून घेतलं. मी त्यांच्याकडे बघत गप्प बसले होते, जे माझ्या स्वभावात नाही.

"बोला ना काहीतरी, वहिनी," ते म्हणाले. "जेवताना कोणी बोललेलं ऐकून फार दिवस झाले."