दिघेकाकांची सांधे-फाइल

"भाईसाब, आपको कभी खून चढ़ा था? और जोड़ों में दर्द?"

दिघेकाकांचं 'गुड मॉर्निंग' हे असं. नोएडात रोज एक नवी सोसायटी उगवत होती, त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या सोसायटीत काका सकाळी सहाला लाल नाडीची फाइल बगलेत मारून निघत आणि भेटेल त्या म्हाताऱ्याला गाठत.

सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून रिटायर होऊन इथे आले ते सगळ्या सवयींसकट. ऑफिसात साहेब फाइलवर लिहितात तसं हे कुठल्याही कागदावर 'प्लीज डिस्कस' लिहायचे. केबलवाल्याच्या नोटिशीवर, कामवालीच्या सुट्टीच्या चिठ्ठीवर, एकदा तर माझ्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर! मी तणतणत गेले, तर म्हणाले, "वेळेबद्दल चर्चा हवी. चारला ही झोपते."

फाइलचं कारण वेगळंच. काकांच्या रक्तात हेपॅटायटिस सी निघालं होतं. जुन्या ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून आलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. झालं! काकांनी एकच प्रश्न धरला: लिव्हरच्या या विषाणूचा म्हातारपणच्या संधिवाताशी संबंध आहे का? लिव्हरवाले म्हणाले, यानं सांधे दुखू शकतात, पण संधिवाताचं सांधेवाल्यांना विचारा. सांधेवाले म्हणाले, दोन्ही दुखणी सारखी दिसतात, कधी रक्ताची तपासणीही फसवते, लिव्हरवाल्यांना विचारा. काका खूश. दोन डिपार्टमेंटं एकमेकांवर ढकलतायत, म्हणजे फाइल बिल्कुल बरोबर चाललीय!

मग सर्व्हे सुरू झाला. हास्यक्लबची मंडळी हात वर करून हसत असताना हे मध्येच विचारणार, "नीचे लाते वक्त दुखता है?" त्यांतल्या भल्लाजींनी वैतागून फिरायची वेळच बदलली. काकांनी नोंद केली, 'संबंधित इसम फरार.'

मला गंमत वाटे, कारण काकांचे स्वतःचे सांधे ठणठणीत. चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढायचे. संधिवात होता तो काकूंना. बोटं इतकी वाकलेली की कपाचा कानही धरवत नसे.

एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेले. काका आत चहा करत होते, फाइल टेबलावर. मी आगाऊपणा करून ती चाळली. सदतीस म्हातारे, नंबरवार. पहिल्या नंबरावर मात्र नुसतं नाव होतं, सौ. सुमन दिघे. पुढची माहिती कोरी, आणि पेन्सिलीनं एक शब्द, 'माझ्यामुळे?'

"काका, हे काय?" मी ओरडलेच.

काका ट्रे घेऊन तिथेच उभे राहिले. "तिचं रक्त तपासायचा धीर होत नाही गं. माझ्याकडून तिलाही तेच गेलेलं निघालं, तर तिची बोटं मीच वाकवली असं होईल. म्हणून आधी बघतोय, संबंध असतो का."

काकू बाल्कनीतून आत आल्या. सगळं ऐकलं होतं. मला म्हणाल्या, "कपाटात तिसरा कप्पा, पैठणीखाली पाकीट आहे. आण."

पाकिटात काकूंचा रिपोर्ट होता. हेपॅटायटिस सी नाही.

"चार महिने झाले. लेकीबरोबर जाऊन केली तपासणी."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत तुम्ही घाबरलायत! रिटायर झाल्यापासून भिंतीकडे बघत बसायचात. ही फाइल आली आणि दाढी करून घराबाहेर पडायला लागलात. म्हटलं, चालू दे."

काकांनी रिपोर्ट तीनदा वाचला. चष्मा काढून ढसाढसा रडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, उगाच कशाला लपवू?

काकू म्हणाल्या, "जन्मभर जगाला 'प्लीज डिस्कस' लिहिलंत. माझ्याशी एकदा तरी केलंत का डिस्कस?"

दुसऱ्या दिवशी सहाला दोघं पार्कात दिसली. फाइल घरी. भल्लाजी लांबूनच वळायला लागले, पण काकांचं लक्षच नव्हतं. काकूंचा वाकडा हात हातात धरून ते मोठ्यांदा विचारत होते, "आज भाजी कुठली करू? प्लीज डिस्कस."