मिलिटरी इनासची गाणी

आमच्या वाडीत कोंबडा आरवायच्या आधी एक अमेरिकन सैनिक गळा काढतो. सोबत गिटार असते. त्याला म्हणे आपल्या शेताची आठवण येते. पहिलं गाणं संपेपर्यंत चुली पेटतात, दुसऱ्याला कुत्री साथ देतात आणि तिसऱ्याला माझे वडील कानावर उशी दाबून अमेरिकेला ज्या शिव्या देतात, त्या माझ्या कुठल्याही युद्धविरोधी पत्रकात छापण्यासारख्या नसतात.

हा उद्योग मिलिटरी इनासचा, म्हणजे आमच्या शेजारच्या इनासमामाचा. मिलिटरीत तो एक दिवसही नव्हता. आखातात एका परदेशी लष्करी तळावर तो धोबीखान्यात होता. तिथल्या एका सैनिकाने जाताना त्याला एका युद्धपटातल्या गाण्यांची सीडी दिली. ती घेऊन तो मालवणला परतला आणि एकट्यानेच घरात राहू लागला. पुढे सीडी झिजली, गाणी मोबाइलमध्ये गेली, ओसरीवर स्पीकर आला. गाणी सगळी तिकडच्या खेड्यापाड्यांतली. शेत, ट्रक, आई, कुत्रा आणि सोडून गेलेली बायको.

सिनेमा त्याने पाहिलेला नाही. गोष्ट मात्र सगळ्यांना सांगतो. मासे विकणाऱ्या बाईला सांगताना नायक मच्छीमाराचा मुलगा असतो, एसटीच्या कंडक्टरला सांगताना रणगाड्याचा ड्रायव्हर, आणि फादरना सांगताना एकही रविवार न चुकवता चर्चला जाणारा. मी एकदा म्हटलं, मामा, मोबाइलवर मिळेल तो सिनेमा, बघ तरी. तो म्हणाला, "कित्याक? गाणां आयकलां की सिनेमो आपसूक दिसता."

एका पंधरा ऑगस्टला शाळेचा स्पीकर बिघडला म्हणून इनासमामाचा आणला. देशभक्तीचं काहीतरी लावा, असं त्याला सांगितलं होतं. त्याने आपलंच लावलं. प्रमुख पाहुण्यांना वाटलं, एखाद्या मित्रराष्ट्राचं राष्ट्रगीत असावं. ते उभे राहिले. त्यांचं बघून मुख्याध्यापक, मग अख्खी शाळा. गाणं एका माणसाचं होतं, ज्याचा ट्रक चालू होत नाही आणि म्हणून त्याची मैत्रीण दुसऱ्याच्या ट्रकमधून निघून जाते. शब्द कळत होते म्हणून मी एकटी बसून राहिले. देशप्रेम नसलेली मुलगी म्हणून माझं नाव झालं ते तेव्हापासून.

मी त्याच्याशी भांडायचे. युद्धाला विरोध हा आमच्या घरातला धर्म, आणि हा माणूस परदेशी लष्कराची जाहिरात फुकट वाजवतोय. मी त्याला सांगायचे, मामा, दुसऱ्यांची गावं जाळायला निघालेली माणसं आहेत ही, आणि स्वतःच्या गावाच्या आठवणीने रडतात. तुला यातलं ढोंग कसं दिसत नाही? तो माझ्यासमोर तिरफळं घातलेली बांगड्याची कढी आणि भात ठेवायचा. "तुझा खरां आसा गो बाय," म्हणायचा. "पण मी तेंचे कपडे धुलंय. खिशात काय काय गावायचां. आवशीचो फोटो, चॉकलेटाचो कागद. त्या पोरग्यांका कोणी इचारलेलां, जातंस काय म्हणान?" मी बांगडा संपवायचे आणि कढी पुन्हा वाढून घ्यायचे.

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज फक्त इनासमामाच्या ओसरीवर येते. शेवंतीकाकीचा एकुलता मुलगा महेश सैन्यात आहे, सरहद्दीवर. त्याच्या फोनसाठी काकी रोज संध्याकाळी तिथे येऊन बसते. फोन येईपर्यंत गाणी चालूच असतात, आणि इनासमामा तिला त्यांचा अर्थ सांगतो. अर्थ म्हणजे काय, तर शेवटच्या गाण्याचं त्याने चक्क गाऱ्हाणं केलंय. देवळात घालतात तसं. तो एकेक मागणं म्हणतो आणि काकी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणते. ख्रिस्ती माणूस, अमेरिकन गाणं आणि आमच्या रवळनाथाचं गाऱ्हाणं. मला हसू आवरेना.

मग एके दिवशी मी ते गाणं नीट ऐकलं. त्यातला पोरगा आईला सांगत होता, आता दिवा लावून वाट बघू नकोस, मला इथेच मातीत ठेवलंय.

महेशचा फोन येऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. काकी जेवत नव्हती. मी तावातावाने इनासमामाकडे गेले. म्हटलं, मामा, त्या गाण्यात खरं काय आहे ते तुला माहीत आहे का?

"नाय," तो म्हणाला. "आणि सांगू नको."

मी म्हटलं, एका आईला तू खोटं सांगतोयस.

"आता खोटां नाय तां. माका ठावकच नाय, तर खोटां कसां?" त्याने स्पीकरची वायर उगाचच गुंडाळली, पुन्हा सोडली. "माका लपवूक येणा नाय गो. कळलां तर तोंडार दिसतलां. मगे ती खंय जातली?"

एवढ्यात शेवंतीकाकी आलीच. मोबाइल छातीशी धरून नेहमीच्या पायरीवर बसली. इनासमामाचा हात स्पीकरकडे जाईना. तेव्हा काकीच म्हणाली, "लाव रे शेवटचां." आणि माझ्याकडे वळली. "आज तू सांग गो. तू शिकलेलां. ह्येचो काय भरवसो नाय, ह्यो कायव सांगता."

गिटार सुरू झाली. तो पोरगा आईला हाक मारू लागला. मी एक ओळ ऐकली, दुसरी ऐकली. काकी हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. "जो झील घरदार सोडून लांब गेलो हा, तेका थंडीवाऱ्यात सांभाळ, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या वाटेर काय आडवां इलां तर तां दूर कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जसो गेलो तसो तेका आवशीकडे परत आण, म्हाराजा."

काकीच्या "व्हय म्हाराजा"त या वेळी आणखी एक आवाज मिसळला, घोगरा. मी वळून पाहिलं. इनासमामानेही हात जोडले होते, पण त्याचं लक्ष ना काकीकडे होतं ना गाण्याकडे. तो माझा चेहरा वाचत होता.

मी तोंड समुद्राकडे फिरवलं.