गाडीची काहीच चूक नाही

माझी मोटारसायकल आजवर रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही! हे वाक्य मी कोणाशीही ओळख झाली की पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो. त्यामुळे समोरचा माणूस बहुधा चष्म्याविना असतो आणि पळून जायला त्याला दरवाजा नीट दिसत नाही. बिचारा ऐकून घेतो.

गाडी साधीच आहे. शंभर सीसी, काळा रंग, टाकीवर लाल पट्टा. रस्त्यात उभे राहिलात तर अशा दहा जातील आणि तुम्ही एकीकडेही वळून बघणार नाही. पण सकाळी एका किकमध्ये सुरू होते! आणि पेट्रोल पीत नाही हो, नुसतं हुंगते! पंपावरचा माणूस मला ओळखत नाही. ओळखणार कसा? मी जातोच कधी तिथे!

अशा या गुणी गाडीला घरातच एक वैरी होता. माझा मेहुणा! त्याला नवी स्कूटर घ्यायची होती आणि जुनी आमच्या गळ्यात मारायची होती. आला की सुरू.

"दाजी, गिअर नाही, क्लच नाही, किक नाही. नुसतं बसायचं आणि जायचं!"

"अरे, नुसतं बसायचं तर घरात सोफा आहे की!"

माझी बायको हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय आहे हे बघायची तिला रोजची सवय, म्हणून मी तिच्याशी फारसं खोटं बोलत नाही. आमची ही भांडणं ऐकून ती कंटाळली आणि एका संध्याकाळी तिने निकाल लावला.

"ज्या दिवशी ही गाडी तुम्हाला रस्त्यात उभं करेल, त्या दिवशी ती विकायची आणि दादाची स्कूटर घ्यायची. कबूल?"

"कबूल!" मी छाती फुगवून म्हणालो. मेहुण्याने लगेच हात पुढे केला, आणि मीही तो जोरात हलवला.

त्यानंतर आठवडाभर सगळं सुरळीत होतं. मग एके दिवशी सकाळी दुकानात जाताना, बेकरीच्या समोर, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. बंद पडली असं मी म्हणणार नाही. थांबली. मी डाव्या हाताने टाकीखालची खुंटी रिझर्व्हवर करायला गेलो, तर खुंटी आधीच रिझर्व्हवर! कितीतरी दिवस मी रिझर्व्हवरच संसार चालवत होतो, आणि गाडीच्या कौतुकात ते साफ विसरलो होतो.

पण खरा मालक घाबरत नाही. अशा गाडीच्या टाकीला मधोमध खालून उंचवटा असतो, आणि पेट्रोलची नळी डाव्या बाजूला. म्हणजे टाकी रिकामी झाली तरी उजव्या कप्प्यात घोटभर पेट्रोल दडून बसलेलं असतं. गाडी डाव्या कुशीवर आडवी करायची, पलीकडचं पेट्रोल अलीकडे आणायचं, की पंपापर्यंतची सोय झाली! मी आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. गाडी मी रस्त्याच्या कडेला अलगद आडवी केली, इतकी अलगद की आरशालाही धक्का लागला नाही. मग शेजारी गुडघे टेकले, टाकीवर गाल ठेवला, डोळे मिटले आणि आत पेट्रोल खळखळतंय का ते ऐकू लागलो.

"अगं बाई! माणूस पडला हो!"

मी डोळे उघडले. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होत्या. कोण पडलं म्हणून मीही मागे वळून पाहिलं!

मग जे लोक धावले! बेकरीवाला पिठाच्या हातांनीच आला. एक निवृत्त मास्तर आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळा कारभार हातात घेतला.

"कोणी हलवू नका त्याला! मानेला मार असेल!"

"अहो, मला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात. आतून मार असतो. झोपा!"

"मास्तर, मी पडलेलो नाही हो! मी फक्त..."

"झोपा म्हणतो ना!"

मी झोपलो. मास्तरांच्या आवाजात ती ताकद असते. बेकरीवाल्याने माझ्या तोंडावर पाणी मारलं, त्याच्या हाताचं पीठ आणि पाणी एकत्र होऊन माझ्या कपाळावर लगदा झाला, आणि लांबून पाहणाऱ्यांना मी फारच पांढरा पडलेला दिसू लागलो. आता पुरे झालं! उठून सरळ सांगायचं, की बाबांनो, पेट्रोल संपलंय. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात गर्दीतून एक स्कूटर घुसली. स्कूटरवर माझा मेहुणा!

"दाजी! काय झालं? गाडी बंद पडली?"

प्रश्नात काळजी होती, नाही असं नाही. पण शेवटच्या दोन शब्दांत जो आनंद होता तो मी जन्मात विसरणार नाही! माझ्या डोळ्यांसमोरून माझी काळी गाडी निघून गेली. तिच्यावर कोणीतरी परका बसला होता. मी डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि बोंब ठोकली.

"आई गं! मेलो! पडलो रे!"

"आणि गाडी?"

"गाडी ठणठणीत आहे! गाडीची काहीच चूक नाही!"

"बघा बिचारा," आजीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "स्वतःचं सोडून गाडीचं बोलतोय."

"डोक्याला मार," मास्तरांनी निदान केलं.

पुढच्याच क्षणी मला उचललं आणि त्याच स्कूटरवर, मेहुणा आणि बेकरीवाला यांच्या मध्ये, पावात बटाटा दाबावा तसं दाबलं. गाडी बेकरीच्या दारात राहिली. मी मान वळवून तिला शेवटपर्यंत पाहत होतो, तर मास्तर मागून ओरडले, "मान हलवू नका!"

"कुठे नेतोयस रे?" मी मेहुण्याला विचारलं.

"कुठे म्हणजे? तुमच्या बायकोच्या हॉस्पिटलात!"

आता मात्र मला खरोखरच घाम फुटला.

हॉस्पिटलात माझ्या अपघाताची हकिकत मी पहिल्यांदाच ऐकली. बेकरीवाला म्हणाला, कुत्रं आडवं आलं. मेहुणा म्हणाला, कुत्रं कसलं, टेम्पोने हूल दिली. दोघांचं जुंपलं आणि शेवटी टेम्पोने कुत्र्याला हूल दिली आणि कुत्र्याने मला, अशी तडजोड झाली. बायको धावत आली. तिचा चेहरा पाहिला आणि मला माझीच लाज वाटली. ती खरंच घाबरली होती.

"कुठे लागलंय?"

"गुडघ्याला. थोडंसं."

तिने मला चाकांच्या खुर्चीत बसवलं, आत नेलं, टेबलावर झोपवलं.

"श्वास रोखा."

"गुडघ्याच्या फोटोला श्वास कशाला?"

"रोखा म्हटलं ना!"

मी रोखला. फोटो निघाला. तिने तो पडद्यावर पाहिला, मग माझी पँट पाहिली. कुठे फाटलेली नाही, गुडघ्यावर ओरखडा नाही, फक्त कपाळावर पीठ! ती बाहेर गेली आणि मोठ्या आवाजात भावाला म्हणाली,

"दादा, गिऱ्हाईक बघ. याच आठवड्यात ती गाडी विकून टाकू. बंद पडण्याचं राहू दे, ती तर माणूस मारायला निघाली!"

"मी म्हणतच होतो!" मेहुण्याचा आवाज गहिवरला.

मी टेबलावर ताडकन उठून बसलो. गाडी बंद पडली म्हटलं तरी विक्री, आणि मला पाडलं म्हटलं तरी विक्री! आणि वर तिच्यावर हा आळ! इतकी वर्षं जिने मला अंगावर खरचटूही दिलं नाही, ती माणूस मारायला निघाली? माझ्यासाठी मी काहीही ऐकून घेईन, पण गाडीबद्दल नाही! मी टेबलावरून उडी मारली आणि दोन्ही पायांनी, व्यवस्थित, बाहेर पळत गेलो.

"खोटं आहे! तिने मला पाडलं नाही! मी पडलोच नाही!"

बेकरीवाल्याचा आ वासला. बायकोने शांतपणे हाताची घडी घातली.

"मग?"

"पेट्रोल संपलं होतं. मी टाकलंच नव्हतं. गाडी आडवी करून कान लावून बसलो होतो."

"म्हणजे गाडी चांगली आहे?"

"एक नंबर!"

"तिची काहीच चूक नाही?"

"काडीची नाही!"

"मग चूक कोणाची?"

"चालवणाऱ्याची!" मी अभिमानाने ठणकावून सांगितलं. "शंभर टक्के चालवणाऱ्याची!"

"झालं तर मग," ती मेहुण्याकडे वळून म्हणाली. "दादा, गाडी विकायची नाही. गाडी बदलून काय उपयोग? चालवणारा बदलायला हवा."

मेहुण्याचा चेहरा पडला आणि मी आनंदाने टाळी वाजवली. ती काय म्हणाली हे मला जरा उशिरा कळलं.

ड्यूटी संपल्यावर ती बाटलीभर पेट्रोल घेऊन बेकरीपाशी आली. तिने टाकीत पेट्रोल ओतलं, ओढणी कमरेला बांधली, एक किक मारली. एकाच किकमध्ये सुरू! लग्नाआधी ती वडिलांची मोटारसायकल चालवायची, हे मला माहीत होतं. पण गिअर असे लोण्यासारखे टाकते हे माहीत नव्हतं. मी मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसून बघत होतो. माझी गाडी गर्दीतून अशी सुळकन निघाली, की ऊर भरून आला हो! मेहुण्याला काही तिला गाठता आलं नाही.

तर गाडी घरात आहे. रोज सकाळी बायको मला दुकानापाशी सोडते आणि हॉस्पिटलला जाते. मी तिची पर्स सांभाळत मागे बसतो. शेजारच्या दुकानदारांनी विचारलं, "काय हो, हल्ली तुम्ही चालवत नाही?" तेव्हा घाईघाईत तोंडून निघून गेलं, की गुडघा दुखावलाय, जपायला सांगितलंय.

त्यामुळे आता रोज गाडीवरून उतरलो की दुकानाच्या दारापर्यंत मला लंगडत जावं लागतं. आणि परवा मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, काल तर डावा पाय होता ना?"