एकावन्न खण

‘कुंडीतली बाग’ हा फोनवरचा गट टपालबाईंनी सुरू केला तेव्हा त्यात नऊजण होते. कुणाचा गुलाब रुसला की उरलेले आठ विचारपूस करायचे, जाता जाता बाईंच्या गुडघ्याचीही. आता सहाशे बारा झाले होते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्याचं त्यांनी कळवलं, तर पाच मिनिटांत तो निरोप पानाफुलांच्या फोटोंखाली गाडला गेला. एकच अंगठा आला, तोही बहुधा वरच्या कोरफडीसाठी होता.

तेव्हा बाईंनी ठरवलं, छोटे गट करायचे. दोन दिवस वादावादी झाली. एका निवृत्त मास्तरांनी वेगळ्या चुली मांडायला कडकडून विरोध केला. भाची फोनवर म्हणाली, “मावशी, कशाला नसता उद्योग?”

“अगं, सहाशे माणसांत हाक कुणाला मारायची? दहाबाराजण असले तर मी दिसेन तरी कुणाला.”

चौतीस वर्षं बाईंनी टपालकचेरीत पत्रं निवडून खणांत लावली होती. प्रत्येकाकडून झाडांची माहिती मागवून, जेवणाच्या टेबलावर वही उघडून आता त्यांनी माणसं निवडायला घेतली. निवडुंगवाले, गुलाबवाले, वेलवाले. मग सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, मुळीच नसलेलं ऊन. मग पाणी जास्त घालणारे आणि घालायला विसरणारे. विसरणाऱ्यांत पुन्हा पस्तावणारे आणि न पस्तावणारे. मास्तर न पस्तावणाऱ्यांत गेले.

आठवड्यात एकावन्न गट झाले. एकेक गट लावून झाला, कुणाच्या तरी हाती सोपवला, की बाई त्यातून बाहेर पडत. निवडणाऱ्याने पत्र आपल्या पिशवीत ठेवायचं नसतं, ही हाताची सवय. शेवटी त्यांनी सगळ्यांना जुना गट सोडायला सांगितलं. लोकांनी निमूटपणे सोडला.

सोमवारी सकाळी त्या चहा घेऊन फोनपाशी बसल्या. नऊ वाजले, दहा वाजले. चहावर साय धरली. भाचीला मुद्दाम फोन करायला लावून घंटी वाजते का ते पाहिलं. चांगली खणखणीत वाजत होती. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सगळे आपापल्या खणात पोचले होते, बाई तेवढ्या बाहेर राहिल्या होत्या. आणि आता हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यांनी जुना गट उघडला. दोन सदस्य दिसत होते. एक त्या. दुसरा, झाडाची माहितीच न दिल्यामुळे कुठेही न लागलेला एक नंबर. दुपारी त्याचा निरोप आला.

“मावशी, मी नळवाला. तीन वर्षांपूर्वी तुमचा नळ बदलला, तेव्हा तुम्ही मला यात घातलंत. माझ्याकडे एकही झाड नाही. एवढ्या लोकांत मध्येच कसं बोलायचं, म्हणून गप्प होतो. यातून बाहेर कसं पडायचं?”

दोनदा बोट लावायचं काम. बाईंनी त्या आठवड्यात ते एकावन्न वेळा केलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, “जरा किचकट आहे. रोज थोडं थोडं सांगावं लागेल.”

उत्तर आलं, “चालेल, मावशी. मला घाई नाही.”