गिटारचं रूट कॅनाल

"ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या तोंडातली केसाएवढी नस शोधून काढली, त्याला चार वायरींचं काय कौतुक!" असं डेंटिस्टसाहेबांनी बायकोला ठणकावून सांगितलं आणि त्याच क्षणी त्यांचे ग्रह फिरले.

गिटारचं लाकडी अंग त्यांनी स्वतः कापलं होतं, दवाखान्यातल्या जुन्या कपाटाच्या दारातून. घासूनपुसून, रंग देऊन ती इतकी देखणी झाली होती, की बघणाऱ्याला विकतचीच वाटावी. म्हणून पाहुणा खुर्चीला टेकायच्या आतच साहेब सांगून टाकत, "घरी केलीय!"

हा सगळा खटाटोप डॉक्टरांच्या बँडमधल्या एका जागेसाठी. त्या जागेची वाट बघता बघता साहेबांचे केस पिकले होते. शेवटी बँडचे गिटारवाले त्वचारोगतज्ज्ञ बदलून परगावी गेले आणि नशीब उघडलं. बँडचे प्रमुख हाडांचे डॉक्टर. दिवसभर जोडायचं आणि संध्याकाळी ड्रम बडवायचे, त्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. ते म्हणाले, "शनिवारच्या कार्यक्रमात वाजवा. जमलं तर कायमचे आमचे. नाहीतर डोळ्यांचे डॉक्टर टपूनच बसलेत."

आता थोडं गिटारच्या पोटातलं. विजेवरच्या गिटारला मागून एक खळगा असतो. त्यात वायरी, बटणं असा सगळा संसार. बाहेरची गुणगुण आत शिरू नये म्हणून खळग्याला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा आणि धातूची प्रत्येक वस्तू वायरीनं त्याच्याशी बांधायची. याला म्हणतात ग्राउंडिंग. एकत्र कुटुंबच ते. एक जण जरी वेगळा राहिला, की कुरकुर सुरू!

साहेबांनी पत्रा लावला, वायरींना डाग दिले आणि मग जगात कुणी केली नसेल अशी गोष्ट केली. वायरी हलू नयेत म्हणून अख्खा खळगा दात भरायच्या मसाल्यानं गच्च भरला आणि वर निळा दिवा मारून दगडासारखा पक्का केला.

"अहो, बुजवायच्या आधी वाजवून तरी बघायची!" बायको म्हणाली.

"दात भरायच्या आधी कुणी चावून बघतं का?"

"भरल्यावर तरी बघतात ना?"

बघितलं. घूंऽऽऽ! भुंग्यानं लाउडस्पीकर गिळावा तसा आवाज. साहेबांनी घाबरून वायर खोचायच्या धातूच्या जॅकवर बोट ठेवलं. एकदम शांत! बोट काढलं. घूंऽऽऽ!

"बोट ठेवूनच वाजवा मग," बायको म्हणाली.

"दोन्ही हात लागतात गं वाजवायला!" साहेब जरा घुटमळले. "तू... तू ठेवशील?"

"कुठे? स्टेजवर?"

"गाण्यापुरतंच!"

बायकोनं अशी काही नजर टाकली, की गिटारसुद्धा क्षणभर गप्प झाली असावी.

आणि तेवढ्यात टेबलावर, मसाल्याच्या डबीमागे, साहेबांना एक हिरवी वायर दिसली. लग्न लागून वऱ्हाड जेवायला बसल्यावर नवरदेव बाहेरच राहिल्याचं कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला. तारा जिथे बांधतात त्या लोखंडी पट्टीला जोडायची ती वायर. तीच राहिली होती! आत काँक्रीट, बाहेर वायर, आणि दुसऱ्या दिवशी शनिवार.

शनिवारी सकाळी गिटार दवाखान्याच्या खुर्चीत आडवी झाली. डोक्यावरचा दिवा लागला. बाहेरच्या बाकांवर पेशंट खोळंबले होते, बायको त्यांना नंबर देत होती आणि बंद दारातून साहेबांचा हताश आवाज येत होता.

"बुजवलं तेव्हा आत काय ते बघितलंच नाही रे!"

बाहेर कुजबुज थांबली.

घर्रऽऽ! "आता मागून भोक पाडतो."

गाल सुजलेले एक गृहस्थ उभे राहिले.

घर्रऽऽ! "छे! चुकीच्या बाजूनं शिरलो! जळल्याचा वास येतोय... येऊ दे! राहिलेलं उपटूनच काढतो!"

"माझं आता दुखत नाहीये," गृहस्थ बायकोला म्हणाले आणि जिना उतरलेसुद्धा.

थोड्या वेळानं बायको आत आली. "बाहेर कुणी उरलं नाही. आत कोण ओरडतंय, विचारत होते."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. आत पेशंट नाही, गिटार आहे म्हटलं. तेव्हा उरलेले दोघंही गेले."

पण साहेबांना तेवढं भान कुठलं? हिरवी वायर एकदाची आत पोचली होती! त्यांनी मीटर काढला. जोडणी असली, की हा मीटर बीप करतो. पट्टीला लावला, बीप! बटणाला, बीप! जॅकच्या कडेला, बीप! जॅकच्या मधल्या टोकाला, तिथेही बीप!

"अगं, सगळं सगळ्यांना जोडलं गेलंय!" साहेबांनी मीटर हवेत नाचवला.

"इतकी एकी मी कुठल्याच घरात बघितली नाही," बायको म्हणाली. तिला शंका आली होती. पण नवरा हसत असताना शंका काढायची नाही, हे ती अनुभवानं शिकली होती.

संध्याकाळी सभागृह भरलं. साहेबांनी वायर खोचली. गुणगुण नाही. घूं नाही. काही म्हणजे काहीच नाही! त्यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले, हाडांच्या डॉक्टरांनी काठ्या आपटल्या आणि साहेबांनी पहिला हात मारला.

काही म्हणजे काहीच नाही.

घात असा झाला होता: ड्रिलनं तांब्याच्या पत्र्याची एक चुणी ओढून जॅकच्या मधल्या टोकापर्यंत सूर वाहून नेणाऱ्या वायरीवरच दाबली होती. तारेवर सूर जन्माला यायचा आणि आवाज मोठा करणाऱ्या अँपपर्यंत पोचण्याआधीच पत्र्यात गाडला जायचा. साहेबांनी बटण पिळलं, वायर हलवली, अँपला गुपचूप लाथ घातली. प्रेतसुद्धा कधीतरी उचकी देईल, पण ही नाही! आणि मग, व्हायचं तेच झालं, त्यांच्या एकट्याच्या वादनाची वेळ आली. बाकीचे अदबीनं थांबले. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघू लागलं. साहेबांची बोटं तारांवरून धावत होती आणि घड्याळाची टिकटिक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होती. शरमेनं त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, तंद्री लागली. पहिल्या रांगेत बायकोनं पदरानं तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. संपलं, साहेबांच्या मनात आलं. एवढी वर्षं वाट बघितली, ती या क्षणासाठी!

कार्यक्रम आटोपल्यावर ते मागच्या दारानं सटकणार, तोच हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना गाठून कडकडून मिठी मारली. बरगड्या वाजल्या. त्या रात्री साहेबांकडून निघालेला तेवढाच आवाज.

"अहो, आज पहिल्यांदा मला माझा ड्रम ऐकू आला! लोकांना शब्द कळले! तो आधीचा गिटारवाला कान किटवायचा नुसता. तुम्ही आता कायमचे आमचे! अट एकच, या गिटारला दुरुस्तीसाठी हात लावायचा नाही."

घरी जाताना साहेबांनी गाडीत बायकोला ती अट सांगितली.

"चांगलं खडसावून आलात ना?" बायकोनं विचारलं. "ठेवा म्हणावं तुमची जागा तुमच्यापाशी! असा अपमान?"

"तेच तोंडावर फेकणार होतो."

"मग?"

साहेब मांडीवरची गिटार रुमालानं पुसू लागले.

"अगं, पुढच्या वेळी मला मधोमध उभं करणार आहेत."