चोपण मातीचा बांध आणि रायाजी नाईक

श्रीगजाननास वंदन, वाग्देवीस वंदन, आणि जी सर्वांस अखेर पोटी घेते त्या भूमातेस त्रिवार वंदन करोन, शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरी, एका उजाड मुलखात जो बांध जाहला, तो कोणत्या मातीचा जाहला, त्या मातीची लक्षणे कोणती, आणि तिजपायी रायाजी नाईकांचे जिवास कैसा घोर लागला, हे सर्व आता क्रमाने निवेदन करितो. श्रोतीं चित्त देवोन ऐकावे.

तो मुलूख पर्जन्यास पारखा होता. मेघ येत, सावली देत आणि पुढे जात. नदी होती ती वर्षातून एकदा वाहे, आणि जाताना बारीक गाळ टाकोन जाई, आणि मग उन्हाने गाळातील खार वर येई. ऐसे पिढ्यानपिढ्या होत होत ती भूमी चोपण जाहली. चोपणाचे लक्षण ऐसे की, चिमटीत धरिली तर पिठासारखी, वाळूचा कण दाताखाली लागावयाचा नाही. ओली जाहली तर साबणासारखी बुळबुळीत, धडधाकट मनुष्य चालता आडवा होय. आणि वाळली तर ऐशी कठीण की पहारीचे तोंड वळे. वर कोठे पांढरा फुलोरा येई, कोठे तेल सांडल्यासारखा काळा डाग पडे. पाणी घातले तर आत मुरत नसे, वरच गढूळ होवोन राही. आणि बीज पेरिले तर पापुद्रा फोडोन अंकुर बाहेर येत नसे. बायका तीवर हळद टाकीत, ती कुंकवासारखी लाल होई, आणि मग त्या म्हणत, "ही भुई कोणास नांदवायची नाही." परंतु एक गुण तीत थोर होता. माळवदावर हीच माती वीतभर अंथरोन चोपणीने बडविली असता घरात पावसाचा थेंब येत नसे. राजवाड्यापासोन झोपडीपर्यंत सर्वांचे डोईवर हीच माती, म्हणोन लोकांचा तिजवर भरवसा आईबापाहून अधिक होता.

पुढे लागोपाठ वर्षे कोरडी गेली, तेव्हा श्रीमंतांनी मनसुबा केला की, डोंगराचे खिंडीत बांध घालावा आणि खालचे पेठेस बारमाही पाणी करावे. दगडाची खाण दूर, आणि चोपण तर पायाखाली. मग इमारतीचे हवालदार रायाजी नाईक यांस आज्ञा जाहली की, मातीची परीक्षा करावी. नाईक सचोटीचे, परंतु स्वभावे काळजीचे. दार लाविले तरी दोनदा ओढोन पाहात. त्या राज्याचा रिवाज ऐसा होता की, कटोऱ्यात पाणी घ्यावे, त्यात कोरडे ढेकूळ सोडावे, आणि श्रीमंतांचा विडा चावोन होईतो ढेकूळ उभे राहिले तर माती इमारतीस योग्य जाणावी. नाईकांनी दरबारचे विहिरीचे पाणी घेतले आणि ढेकूळ सोडिले. श्रीमंतांचा विडा संपला, ढेकूळ जैसे होते तैसे. सर्वांनी वाहवा केली आणि नाईकांस शेला बहाल जाहला. विहिरी साऱ्या खारट होत्या, आणि खारटावेगळे पाणी त्या काळी राज्यात कोठेच नव्हते, म्हणोन पाणी कोणते घेतले हे पुसावे ऐसे कोणाच्या मनातही आले नाही.

बांध जाहला. मग त्या साली मेघ थांबले, पाऊस पडला आणि बांध काठोकाठ भरला. पेठेत साखर वाटली. नाईकांची कन्या सगुणा पेठेतच दिली होती आणि नुकतीच बाळंत जाहली होती, म्हणोन नाईक नातू पाहावयास गेले. विहीणबाई साळूबाई, जिभेच्या मोठ्या तिखट, त्यांनी पन्हळीखाली घंगाळ मांडोन पावसाचे गोड पाणी धरिले होते. त्यांनी चुलीस पोतेरे द्यावयासाठी कोनाड्यातील चोपणाचे ढेकूळ काढिले आणि बोलता बोलता त्या पाण्यात टाकिले. ढेकूळ तळाशी गेले, आणि त्याचे अंगातोन धुरासारखे पांढरे निघो लागले, आणि पाहता पाहता सारे घंगाळ दुधासारखे जाहले. साळूबाई म्हणाल्या, "पाहा हो नाईक. विहिरीच्या पाण्यात मळता मळता मनगटे जातात, आणि आज आपले आपण विरघळले. गोड पाणी मोठे गुणाचे." नाईकांचे हातातील नातू सगुणेने वेळीच घेतला. ती म्हणाली, "आबा, पाणी देऊ का? तोंड उतरले तुमचे." नाईक म्हणाले, "पाणीच नको," आणि उठोन चालते जाहले.

बांधाचे पायथ्यास जावोन पाहतात तो एक पाझर फुटला होता, बोटाएवढा, आणि त्यातोन दुधासारखे पाणी येत होते. राखणदार म्हणाला, "इथले सारेच पाणी गढूळ, नाईक, त्यात नवल काय?" परंतु नाईकांस कळोन चुकले की, खारे पाणी या मातीस बांधोन ठेविते आणि गोडे पाणी तीस कणाकणाने सोडविते, माळवदावरोन पाऊस वाहोन जातो म्हणोन छप्पर टिकते, बांधाशी मात्र तो अंग टेकोन बसला आहे, आणि पाझरातोन येते आहे ते पाणी नव्हे, बांधच येतो आहे. मग ते तैसेच धावत दरबारी गेले.

श्रीमंत म्हणाले, "नाईक, शेला जुना झाला वाटते, दुसरा पाहिजे?" नाईकांनी सर्व वर्तमान निवेदन केले आणि बांधाचे तळाशी पाणी सोडावयाची जी मोरी ठेविली होती ती उघडोन बांध रिता करावा, ऐशी विनंती केली. मग कटोरा आणविला, रिवाजाप्रमाणे विहिरीचे पाणी भरिले, ढेकूळ सोडिले. ते उभेच राहिले. नाईक म्हणाले, "महाराज, गोडे पाणी पाहिजे." गोडे पाणी कोठचे? पाऊस उघडला होता, आणि लोकांनी पन्हळीचे धरिले होते ते पिवोन टाकिले होते. बांधातले आणिले, तर ते आधीच ताकासारखे पांढरे. त्यात ढेकूळ बुडाले ते दिसेनासेच जाहले. फडणीस हसोन म्हणाले, "ताकात ताक सांडले, महाराज, निवाडा करावा." श्रीमंतही हसले, आणि मग गंभीर होवोन म्हणाले, "विहिरीचे पाणी एक साक्ष देते, बांधाचे पाणी काहीच बोलत नाही. मग फितूर कोण, पाणी की तुम्ही? इतक्या वर्षांनी पाणी पाहिले आहे. मोरीस कोणी हात लाविला तर त्याची गय होणार नाही."

नाईक घरी आले, परंतु अन्न गोड लागेना. मनात येई, मोरी उघडोन पाणी सोडिले तर बांध उभा राहील, आणि उभा राहिला तर तो पडणार होता हे कोणास पटावे? न सोडिले तर पटेल, परंतु पटावयास पेठेत कोण उरेल? ऐसे मन दोहींकडे ओढत ओढत ते सकाळी बांधावर गेले, आणि स्वहस्ते मोरीचा दट्ट्या उपटिला. पाणी ओढ्यास लागले. पेठेत हाक गेली, आणि बायाबापुड्या घागरी घेवोन धावल्या, आणि सर्वांपुढे साळूबाई. त्या म्हणाल्या, "लेकीच्या घरचे पाणी तोडता होय? पोरास काय डोळ्यांच्या पाण्याने न्हाऊ घालू?" नाईक म्हणाले, "विहीणबाई, पोर राहिले तर न्हाऊ घालाल." "अभद्र बोलू नका. बांध तो समोर उभा आहे, तुमचे डोळे कोठे गेले?" मग चार जणांनी नाईकांस बाजूस ओढिले, धक्काबुक्की जाहली, पागोटे पाण्यात गेले, आणि लोकांनी मोरी बुजविली. तोवर निम्मे पाणी गेले होते.

श्रीमंत घोड्यावरोन आले. त्यांनी मोरी दगडाने कायमची चिणविली आणि नाईकांची हवालदारी काढोन शिक्षा फर्माविली की, "ज्यास बांधाचे भय अधिक, त्याचीच राखण चांगली. यांनी पायथ्याशी खोपट घालोन तेथेच राहावे." मग नाईक पाझराशेजारी राहो लागले. पेठेस नवीन करमणूक जाहली. रोज सकाळी लोक बांधाकडे पाहात, खोपटातोन धूर निघाला की म्हणत, "नाईकांची चूल पेटली, बांधास धाड नाही," आणि कामास लागत. येणारा जाणारा पुसे, "काय नाईक, पडला का बांध?" नाईक म्हणत, "नाही अद्याप." सगुणा भाकरी घेवोन येई. एके दिवशी ती म्हणाली, "आबा, तुम्ही चुकला असाल तर किती बरे होईल." नाईक म्हणाले, "देवापाशी तेच मागतो, बाई. पण मागताना पाझराकडे पाहातो, आणि मागणे तोंडातच राहते." पाझर आता मनगटाएवढा जाहला होता.

पुढे भाद्रपदात पुन्हा पाऊस जाहला आणि बांध पुन्हा भरला. सकाळी उघडीप पडली. नाईक चूल पेटवावयास बसले, तो चुलीचा एक दगड आपोआप खाली गेला, मग दुसरा गेला, आणि राखेतोन पांढरे पाणी वर आले. नाईकांनी हाक मारिली नाही. हाका मारोन त्यांची पत सरली होती. त्यांनी वळकटी काखेस मारिली, तवा उचलिला, आणि पेठेच्या मधल्या वाटेने माळाकडे चालो लागले. साळूबाई दारात तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "नाईक, तवा घेवोन कोणीकडे?"

"माळावर."

"का हो?"

"चूल पेटेना."

साळूबाईंनी बांधाकडे पाहिले, बांध उभा होता. मग नाईकांकडे पाहिले. मग सूप खाली ठेविले, आत जावोन पाळण्यातील मूल उचलिले आणि म्हणाल्या, "सगुणे, ऊठ. नाईकांची चूल पेटेना." शेजारणीने ऐकिले, तिने पुढचे दारी सांगितले, आणि तेच एक वाक्य घरोघर गेले, आणि लोक म्हातारी माणसे पाठीवर घेवोन, गुरे सोडोन, माळास लागले. शेवटली म्हैस चढ चढते न चढते तो बांध गेला. वरोन ओंजळभर पाणी सांडले नाही. मधोनच भगदाड पडले आणि वरचा भाग आत बसला. पेठेची माळवदे पाण्यात गेली. मनुष्य एकही गेला नाही.

श्रीमंत माळावर आले आणि त्यांनी पुसिले, "पेठ खाली करावयाचा हुकूम कोणी दिला?" लोक म्हणाले, "हुकूम कोणी दिला नाही, महाराज. नाईकांची चूल पेटली नाही." श्रीमंत घोड्यावरोन उतरले आणि पायी नाईकांपाशी आले. नाईकांचे मांडीवर नातू होता, आणि ते पुन्हा पुन्हा त्याचे कपाळ चाचपोन पाहात होते.

येणेप्रमाणे चोपणाचे बांधाचे वर्तमान जाहले. ती माती छपरास चांगली, पिकास वाईट, आणि गोड्या पाण्याचे बांधास घातकी, इतके यावरोन समजावे. आमचे विद्येचे बळ थोडे. शब्द कोठे अधिक उणा पडला असेल तर तो सुधारोन घ्यावा. लिहिणार दगडोजी भिवजी कोळपे. वाचणारांनी येथवर सोबत केली, त्यांचे आभार मानोन हात जोडितो.