संवेदक क्रमांक सात

साखर कारखान्याच्या संचालक मंडळाने एकमताने ठराव केला की, यापुढे साखर माणसाने करायची नाही. ठराव करणाऱ्या अकरा संचालकांपैकी एकानेही आयुष्यात साखर केलेली नव्हती, त्यामुळे मतभेदाचा प्रश्नच आला नाही. ते सगळे अभ्यासदौरा करून आले होते. तिथे त्यांनी काचेची एक खोली पाहिली होती. खोलीत थंड हवा होती, भिंतभर संगणकाचे पडदे होते, आणि पडद्यांसमोर खुर्चीवर बसलेला माणूस काहीच करत नव्हता. काहीच न करता खुर्चीवर बसता येतं हे संचालकांना माहीत होतं. त्यातून साखरही निघते हे मात्र त्यांना नवीन होतं.

तोपर्यंत साखर पॅनवाले काका करत होते. पॅन म्हणजे दोन मजली उंच, पोलादी, बंद कढई. तिच्यात उसाचा दाट रस वाफेवर आटतो आणि त्यात दाणा धरतो. दाणा केवढा झाला आणि पॅन कधी खाली सोडायचा, हे काका ठरवत. पॅनच्या पोटातून दांडीने थेंबभर पाक काढायचा, अंगठा आणि बोटामध्ये धरून त्याची तार ओढायची, मग तो काचेच्या तुकड्यावर पसरून उजेडाकडे धरायचा. एवढं झालं की काका म्हणत, "झालं." छत्तीस वर्षं या एका शब्दावर कारखान्यात अपील नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, काका आता कटकट करणार. काकांनी उलट विचारलं, "कधी येतंय यंत्र? लवकर आणा."

याला कारण होतं. पॅनघरात एक नियम होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून पाळला जात होता. दाणा धरला की पॅन सुटेपर्यंत पॅनवाल्याने उठायचं नाही. मागच्या हंगामात एक दिवस सकाळी अकराला काकांना निरोप आला, काकूंचं जास्त झालंय, निघा. दाणा धरून वीस मिनिटं झाली होती. काका अडीच तास बसले. घरी पोचले तेव्हा दारात चपला पुष्कळ होत्या आणि आत कोणी बोलत नव्हतं. चार दिवसांनी कामावर आले, तेव्हा कारखान्याचे मोठे साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार वाईट झालं. पण त्या दिवशीची साखर काय सुरेख निघाली हो!"

आता काकांच्या एकुलत्या एक मुलीचे दिवस भरत आले होते. ती दुसऱ्या गावी होती आणि फोनवर तिने एकच वाक्य सांगितलं होतं. "बाबा, आईच्या वेळेसारखं करू नका."

म्हणून काकांना यंत्र हवं होतं. पॅनसमोर कोणी बसायची गरज उरणार नाही, असं माहितीपत्रकावर छापलं होतं. काकांनी ते घडी करून खिशात ठेवलं होतं.

यंत्र बसवायला कंपनीचा माणूस आला. पॅनघरातल्या उकाड्यातही तो टाय सोडत नसे, म्हणून सगळे त्याला टायवाला म्हणत. तो काकांसमोर संगणक उघडून बसला.

"काका, तुम्हाला जे कळतं ते प्रणालीला शिकवायचंय. काय काय बघता तुम्ही?"

"तार बघतो."

"किती सेंटिमीटर?"

"मोजली नाही बुवा कधी."

"मग पाक तयार झाला हे कशावरून कळतं?"

"हाताला कळतं."

टायवाल्याने 'हात' असं लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, नोंद अमान्य आहे, कृपया आकडा भरा.

"आकडा द्या काका एखादा."

"हाताचा काय आकडा देणार?"

टायवाल्याने काकांच्या हातांकडे पाहिलं, बोटं मोजली आणि 'दहा' भरलं. प्रणालीने आभार मानले. छत्तीस वर्षांचा अनुभव अशा रीतीने अकरा मिनिटांत प्रणालीत उतरला.

मग पॅनमध्ये सहा संवेदक बसवले. संवेदक म्हणजे पाकात बुडवलेल्या दांड्या. पाक किती दाट झाला ते त्यांनी काचेच्या खोलीतल्या पडद्याला कळवायचं. तीन दिवस त्यांनी कळवलं. चौथ्या दिवशी त्यांच्यावर साखर चढली, आणि पट्टी बांधलेल्या बोटाला जेवढं कळतं तेवढंच त्यांना कळू लागलं. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर हा आकडा आला आणि तिथेच बसला. पॅनमध्ये रस असो, पाक असो, काही नसो, अठ्ठ्याहत्तर. पहिला पॅन कच्चा सुटला आणि जिन्यापर्यंत वाहत गेला. दुसरा सुटलाच नाही. आत त्याचा दगड झाला आणि सात माणसं दोन दिवस पहारी घेऊन तो फोडत होती.

चौकशी समिती नेमली गेली. समितीने अहवाल दिला की, प्रणालीचा आकडा सर्व काळ स्थिर होता, सबब प्रणालीत दोष नाही. साखर मात्र प्रणालीशी जुळवून घेण्यात अपयशी ठरली आहे. साखरेला सुधारण्यासाठी आठ दिवसांची मुदत देण्यात आली.

काका मोठ्या साहेबांकडे गेले. "साहेब, काही विशेष नाही. दांड्यांवर साखर चढलीय. दर पाळीला पुसल्या की झालं."

"कोण पुसणार?"

"मी पुसतो की."

"हाताने?"

"मग कशाने?"

मोठे साहेब दुखावले. "अहो काका, पाकिटं छापून झाली आहेत! 'मानवी हस्तस्पर्शाविना.' तुम्ही हात लावलात तर ती ग्राहकाची फसवणूक होईल."

उद्घाटन तोंडावर आलं होतं. टायवाल्याने दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. पॅनजवळ एक हिरवं बटण बसवायचं. काकांनी पूर्वीसारखीच तार बघायची. फक्त 'झालं' असं तोंडाने न म्हणता बटण दाबायचं. बटण दाबलं की काचेच्या खोलीतला पडदा हिरवा होईल आणि पॅन आपोआप सुटेल.

"म्हणजे मीच करायचं?" काकांनी विचारलं.

"नाही नाही. करणार प्रणालीच. तुम्ही फक्त तिला कळवायचं."

"आणि मी नसलो तर?"

"तीही सोय आहे. संवेदकाकडून नवी माहिती आली नाही, तर प्रणाली शेवटची चांगली माहिती धरून चालते. आम्ही फार पुढचा विचार केलाय काका."

सहा संवेदक आधी होते, म्हणून काका सातवे झाले. पाहुण्यांना पॅनसमोर माणूस दिसणं बरं दिसलं नसतं, म्हणून काकांच्या भोवती, पॅनकडची बाजू तेवढी मोकळी ठेवून, करड्या रंगाचं पत्र्याचं कपाट उभारलं. संवेदक तापू नये म्हणून आत छोटा पंखा बसवला. बाहेर पाटी लावली, 'संवेदक क्र. ७. उघडू नये.' उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी कपाटावर टिचकी मारून विचारलं, "यात काय आहे?"

"यात खरी बुद्धी आहे," टायवाला म्हणाला. तो आयुष्यात खरं बोलला असेल तर तेवढंच.

आत काकांना खोकला आला. पाहुणे म्हणाले, "आवाज करतंय." टायवाला म्हणाला, "नवीन आहे, बसेल हळूहळू."

दुसऱ्या दिवसापासून काकांचं नाव हजेरीपटावर नव्हतं. ते यंत्रांच्या नोंदवहीत गेलं होतं, सहा दांड्यांच्या खाली. काकांना त्याचं विशेष वाटलं नाही. मुलीला डॉक्टरांनी तारीख दिली तेव्हा त्यांनी नेहमीसारखा रजेचा अर्ज टाकला. तो परत आला. शेरा होता, 'यंत्रास रजा देय नाही. बंद ठेवावयाचे असल्यास देखभाल विभागाकडे विहित नमुन्यात अर्ज करावा.'

प्रयोगशाळेतल्या केमिस्ट बाई काकांच्या जुन्या ओळखीच्या. काकूंच्या वेळी घरी येऊन भांडी घासून गेलेल्या. त्या अर्जाचा छापील नमुना घेऊन कपाटापाशी आल्या.

"बाई, बिघाडाचं स्वरूप लिहायचंय. 'मुलगी बाळंत होणार' असं लिहिलं."

"अहो, हे नाही चालणार. खाली दिलेल्यातलंच निवडायचं असतं. गंज, गळती, कंप, आवाज."

काकांनी थोडा विचार केला. "गळती लिहा."

"कुठे?"

"डोळ्यांना. इथे एकटा बसलो की होते कधी कधी. खोटं नाही."

बाईंनी 'गळती' लिहिलं. तिसऱ्या दिवशी देखभाल विभागाचा मेकॅनिक पाना घेऊन आला. त्याने काकांच्या डोळ्यांत विजेरी मारून पाहिली आणि कागदावर लिहिलं, 'गळती किरकोळ आहे. कामात अडथळा नाही. चालू ठेवावे.'

"सही करा काका," मेकॅनिक म्हणाला.

"यंत्राची सही लागते होय?"

मेकॅनिक विचारात पडला. मग त्याने काकांचा अंगठा घेतला.

आठवड्याने सकाळी अकराच्या सुमारास कपाटात काकांचा फोन वाजला. जावई होते. मुलीला दवाखान्यात नेलं होतं, अवघड दिसत होतं, ती सारखी बाबा बाबा करत होती.

दाणा धरून वीस मिनिटं झाली होती.

काकांनी पॅनकडे पाहिलं. मग खिशातलं माहितीपत्रक काढलं, 'पॅनसमोर कोणी बसायची गरज नाही' ही ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि उठले. पंखा बंद केला. बाहेर पडून कपाटाचं दार नीट लावलं.

जिन्यात केमिस्ट बाई भेटल्या. "काका! पॅन?"

"चालू आहे."

"मग?"

"मागच्या वेळी बसलो होतो बाई."

बाई बाजूला झाल्या. "जा," म्हणाल्या. "मागे बघू नका."

काका वेळेत पोचले. मुलगी वाचली, बाळ वाचलं. नर्सने बाळ हातात दिलं तेव्हा काकांनी सवयीने अंगठा आणि बोट पुढे केलं, आणि बाळाने ते मुठीत गच्च धरलं. "झालं," काका म्हणाले. नऊ दिवस ते तिथे राहिले. रोज वाटायचं, आज फोन येईल, आज कामावरून काढतील. फोन आला नाही.

येणार कसा? संवेदक क्रमांक सातकडून नवी माहिती नव्हती, तेव्हा प्रणालीने शेवटची चांगली माहिती धरली होती. पडदा नऊ दिवस हिरवा होता. पॅन ठरल्या वेळी आपोआप सुटत होता. कधी कच्चा, कधी करपलेला. खालून जे निघत होतं त्यात थोडं पीठ होतं, थोडे खडे होते आणि थोडं काय होतं ते सांगता येणार नाही. पाकिटं भरणारं यंत्र ते मुकाट्याने भरत होतं. केमिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी लेखी कळवलं की ही साखर नाही. त्यांना उत्तर आलं, 'प्रयोगशाळेचे आकडे पडद्याशी जुळत नाहीत. प्रयोगशाळा तपासून घ्यावी.' मग प्रयोगशाळेला कुलूप लावून ती तपासायला घेतली.

दहाव्या दिवशी काका परतले ते थेट मोठ्या साहेबांच्या दालनात गेले. टायवालाही तिथेच होता.

"साहेब, मी नऊ दिवस नव्हतो. सांगायला आलोय."

"माहीत आहे," मोठे साहेब म्हणाले. ते रागावलेले नव्हते. "कपाट परवा उघडलं. अहो, बरंच झालं! तुम्ही नसताना तक्रार एकसुद्धा नाही."

"ती साखर तुम्ही पाहिलीत का?"

"साखर कशाला पाहायची? ग्राहकांचं मत आहे ना." टायवाल्याने पडदा फिरवला. बारा हजार चारशे सहा ग्राहकांनी पाकिटावरचा चौकोन मोबाईलने टिपून तारे दिले होते. सरासरी पाचपैकी चार पूर्णांक आठ. कोणी लिहिलं होतं, 'हात न लावलेल्या साखरेची चवच वेगळी.' कोणी लिहिलं होतं, 'आता कुठे खरी साखर मिळाली.' एकाने एक तारा कापला होता, कारण पाकीट कोपऱ्यात चेमटलं होतं.

"म्हणजे तुम्ही असून फरक नाही, नसून फरक नाही," मोठे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "समितीने शिफारस केलीय. संवेदक क्रमांक सात काढून टाकावा. बाकीचे सहा चांगलं काम करताहेत."

काका बाहेर आले. फाटकाशी केमिस्ट बाई पर्स घेऊन उभ्या होत्या. प्रयोगशाळा तपासून झाली होती, तिची गरज नाही असं आढळलं होतं. काकांच्या हातात एक पाकीट होतं. ते त्यांनी फोडलं, चिमूटभर घेतलं आणि अंगठा आणि बोटामध्ये चोळलं.

"भांडा ना काका," बाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं केलीत तुम्ही."

"कोणाशी भांडू? साहेबाला साखरेतलं कळत नाही, ते मी समजू शकतो. त्याने बघितलीच नाही." काकांनी बोटं झटकली. "पण ज्यांनी खाल्ली, त्यांचं काय?"

त्या बारा हजार चारशे सहांमध्ये तुम्हीही होता. सकाळची घाई होती, तारे देऊन टाकले तुम्ही. चहा पिताना तळाशी काहीतरी कुरकुरलं होतं. तुम्हाला वाटलं कप नीट धुतलेला नाही, आणि तसं तुम्ही घरात बोलूनही दाखवलंत.